हक्क, सवलत आणि लाभार्थी

आदिवासींच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा अलगता की समावेश, या एकाच वादाभोवती फिरत राहिली. व्हेरिअर एल्विन यांनी संरक्षणाचा आग्रह धरला, डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासी हे मागासलेले हिंदूच होत, असे प्रतिपादन केले. या वादात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. वसाहती सत्तेने भूमी तर घेतलीच, पण त्या भूमीशी असलेले नाते सांगण्याची भाषाही आपल्या हाती घेतली.

१८७८ च्या वन कायद्याचा साचा पुढे चालविणारा १९२७ चा कायदा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. वन राखीव करण्यापूर्वी जाहीरनामा काढावा, किमान तीन महिन्यांची मुदत देऊन दावे मागवावेत. जो हक्क कोणी सांगितला नाही आणि चौकशीतही आढळला नाही, तो सामान्यतः नष्ट झाला असे समजावे, अशी त्यात तरतूद आहे. वरकरणी ती न्याय्य भासते. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीला ‘हक्क’ हे नाव देऊन ती परक्या अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा प्रसंगच ज्या समाजावर कधी आला नव्हता, त्याच्या मौनाचा अर्थ येथे हक्काचा अभाव असा लावला गेला. मागे उरली ती सवलत. आणि सवलत देणाऱ्याला ती काढूनही घेता येते.

१९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली. १९५८ साली एल्विन यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीस लिहिलेल्या प्रस्तावनेत पंडित नेहरूंनी आदिवासींच्या जमीन व वनहक्कांचा आदर हे एक तत्त्व म्हणून सांगितले. तथापि योजनांच्या व्यवहारात रूढ झालेला शब्द ‘लाभार्थी’ हा होय. अर्थी म्हणजे मागणारा. मूळ धारकास याचक ठरविणारी जुनी दृष्टी या शब्दात टिकून राहिली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ऐतिहासिक अन्याय मान्य केला, हक्कनिश्चितीचा आरंभ ग्रामसभेकडे सोपविला, आणि २००८ च्या नियमांनी वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले निवेदन पुरावा म्हणून स्वीकारले. २००९ साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास सामूहिक वनहक्क मिळाला, हे या बदलाचे मोठे फलित आहे. परंतु गोंडीत वा माडियात बोललेले निवेदन मराठी कागदावर उतरताना त्यातील वहिवाटीचे शब्द टिकतात काय? ते न टिकल्यास १९२७ चे मौन नव्या रूपाने परत येईल. त्या शब्दांची ग्रामसभेच्या सहकार्याने नोंद करणे हे भाषाभ्यासकांचे कर्तव्य आहे. विकासाचा विचार त्यानंतरच अर्थपूर्ण ठरेल.