लवकर निदान म्हणजे जीवदान?

‘लघवीच्या थेंबावरून कर्करोगाचे निदान’ अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. चयापचयात तयार होणारी विशिष्ट रसायने लघवीत वाढलेली दिसली, तर गाठ हाताला लागण्याआधीच रोग ओळखता येईल, ही कल्पना शास्त्राला धरूनच आहे. आमचा आक्षेप आहे तो पुढच्या उडीला : रोग लवकर सापडला, म्हणजे रोगी वाचला!

न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कर्करोग. अपरिपक्व चेतापेशींपासून, बऱ्याचदा अधिवृक्क ग्रंथीत, ही गाठ होते. या पेशी ॲड्रेनॅलिनच्या कुळातली रसायने बनवतात. त्यांच्या विघटनातून निघणारी व्हीएमए आणि एचव्हीए ही आम्ले लघवीत उतरतात. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून जपानने सहा महिन्यांच्या बालकांची अशी तपासणी देशभर सुरू केली. पुष्कळ गाठी सापडल्या आणि त्यांतली बहुतेक बालके वाचली. योजना यशस्वी झाली असेच कोणालाही वाटेल.

पण न तपासलेल्या मुलांचे काय झाले? कॅनडातील क्वेबेक प्रांतात आणि जर्मनीत ही तुलना केली गेली. एकट्या जर्मनीत सुमारे १५ लाख बालके तपासली गेली. दोन्हींचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. तपासणीमुळे मृत्यू कमी झाले नव्हते! तान्ह्या वयातल्या अनेक गाठी आपोआप विरून जातात. तपासणीत मुख्यतः अशाच सौम्य गाठी हाती लागल्या. घातक प्रकार मात्र बव्हंशी निसटला. ज्यांना काहीच झाले नसते, अशा काही बालकांवर विनाकारण शस्त्रक्रिया व औषधोपचार झाले. जपानने २००३-०४मध्ये ही योजना थांबवली.

वर्गात एक काल्पनिक गणित घालून पाहावे. १० रुग्णांपैकी ५ दगावतात. म्हणजे वाचण्याचे प्रमाण ५० टक्के. आता तपासणीत आणखी १० निरुपद्रवी गाठी सापडल्या. २० पैकी १५ वाचले, प्रमाण ७५ टक्के झाले! मृत्यू मात्र ५ ते ५च.

दोष रसायनांचा नाही. रोगाची शंका असलेल्या मुलात हीच चाचणी निदानाला आजही उपयोगी पडते. निरोगी दिसणाऱ्या सर्वांना चाळणी लावणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून नव्या चाचणीची बातमी आली, की ‘किती रोगी सापडले?’ एवढ्यावर न थांबता ‘किती मृत्यू टळले, आणि कोणाच्या तुलनेत?’ हे विचारायची सवय विद्यार्थ्यांना लावली पाहिजे.