क्लैब्य : एका शब्दाची दोन आयुष्ये

पुरुषाच्या लैंगिक अक्षमतेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही : नपुंसक, नामर्द, षंढ, क्लीब. तरीही त्यांतला एकही शब्द रुग्णाच्या उपयोगाचा नाही. 'मला मधुमेह झाला आहे' असे माणूस सहज सांगतो. इथे मात्र भाषा त्याला 'मला अमुक झाले आहे' असे म्हणू देत नाही. 'मी अमुक आहे' असेच म्हणायला लावते. आजाराचे नाव तीच शिवी. मी वैद्यक शिकलेलो नाही. जुनी पुस्तके आणि मासिके जमवून वाचणारा माणूस आहे. म्हणून या प्रश्नाकडे शब्दाच्या वाटेने जातो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात क्लैब्याचे चार प्रकार दिले आहेत : बीजदोषामुळे, ध्वजभंगामुळे, वार्धक्यामुळे आणि शुक्रक्षयामुळे होणारे. कारणांमध्ये आहाराबरोबर शोक, चिंता आणि भय यांचाही उल्लेख येतो. त्यातले उपचार आज कितपत टिकतील हा प्रश्न वेगळा. मांडणी मात्र कारण, लक्षण, उपाय अशी वैद्याची आहे. हाच शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, तिसऱ्या श्लोकात येतो. तिथे तो धनुष्य टाकून बसलेल्या योद्ध्याला उद्देशून आहे आणि त्याचा अर्थ भ्याडपणा असा आहे. गीता घरोघर पाठ झाली, चरक वैद्यांच्या फडताळात राहिला. मराठीने उचलला तो दुसरा अर्थ. आजही सभेत सरकारला 'नपुंसक' म्हटले की टाळी पडते.

आपली रंगभूमीही याच अर्थाने चालत आली. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये बलात्कार करणाऱ्या गुलाबरावाला अंबिका शेवटी पुरुषत्वापासूनच तोडते. अन्यायाचा हिशेब चुकता झाल्याचे समाधान प्रेक्षकाला मिळते, आणि अंबिकेचा संताप खराच आहे. पण ही शिक्षा परिणामकारक ठरते ती गुलाबरावाचीच व्याख्या मान्य केल्यामुळे : पुरुष म्हणजे ते एक इंद्रिय. नाटक गुलाबरावाला हरवते, त्याच्या व्याख्येला नाही. अमोल पालेकरांच्या 'अनाहत'मध्ये (२००३) राजाला वारस देता येत नाही, म्हणून राणीला एका रात्रीसाठी दुसरा पुरुष निवडावा लागतो. सुरेंद्र वर्मांच्या हिंदी नाटकावर बेतलेल्या या चित्रपटाने स्त्रीच्या इच्छेला वाचा दिली, हे त्याचे मोठे श्रेय. त्या राजाच्या वेदनेलाही तिथे जागा आहे. मात्र त्याचे दुखणे नियतीसारखे येते. त्याला कारण असू शकते, उपाय असू शकतो, हा विचार गोष्टीच्या बाहेरच राहतो.

शरीरशास्त्र काय सांगते? जोर, दम, मर्दुमकी हे आपले सगळे शब्द बळाचे आहेत. प्रत्यक्षात ताठरतेची सुरुवात सैलावण्यातून होते. मेंदूकडून संदेश आला की नसांच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, आतले मऊ स्नायू ढिले पडतात, रक्त आत भरते आणि बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्ये तेच स्नायू आवळून धरतात. म्हणजे 'जमेल ना?' ही धास्तीच न जमण्याचे एक कारण असते. शिवी इथे नुसते वर्णन करीत नाही, ती आजारात भर घालते.

मौनाची किंमत यापुढची आहे. या भागातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा परिणाम पुष्कळदा आधी इथे दिसतो. लाजेने दडवलेली ही तक्रार हृदयविकाराची पूर्वसूचना असू शकते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४० ते ७० वयाच्या ५२ टक्के पुरुषांना ही तक्रार कमी-अधिक प्रमाणात होती. एवढ्या लोकांना एकच शिवी पुरवणे भाषेलाही शोभत नाही.

उपाय आहेत. साखर, रक्तदाब, चरबी आणि गरजेनुसार संप्रेरके तपासणे, चालू असलेल्या औषधांचा आढावा घेणे, तंबाखू सोडणे, जोडप्याने मिळून समुपदेशन घेणे. छातीदुखीवर औषध शोधताना हाती आलेले सिल्डेनाफिल १९९८ पासून वापरात आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. नायट्रेटची गोळी घेणाऱ्या हृदयरोग्याने ते घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. गोळी लागू पडली नाही तरी इंजेक्शन, निर्वात पंप, शस्त्रक्रिया हे मार्ग उरतात. याउलट 'गुप्त' ताकदीच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी असूनही भिंती रंगलेल्याच असतात. ती औषधे गिऱ्हाइकाच्या लाजेवर खपतात.

र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि वाचकांच्या अशा प्रश्नांना साध्या मराठीत उत्तरे दिली. १९३४ मध्ये अशाच प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, खटला हरला. कर्व्यांची चर्चा आपण संततिनियमनाचे पुरस्कर्ते म्हणून करतो. त्यांच्या गद्याची समीक्षा फारशी करीत नाही. रुग्णाला उपमा न देता, धीर आणि माहिती देणारे ते गद्य होते. क्लैब्याचा चरकातला अर्थ मराठीत परत आणण्याचा तो एक प्रयत्न होता, असे मला वाटते. 'मला ताठरतेची तक्रार आहे' हे वाक्य दवाखान्यात मान खाली न घालता उच्चारता यावे, एवढे काम त्या परंपरेतले अजून बाकी आहे.