साथीचें वाङ्मय आणि वृद्धांची साक्ष

साथीच्या रोगांवर जें वाङ्मय निर्माण होतें, त्यांत वृद्धांची साक्ष आदरानें घेतली जाते. परंतु ती केव्हां दिली गेली, याची नोंद क्वचितच असते. आमच्या मतें हा दोष लहान नाहीं.

डॅनियल डिफोचें १७२२ सालचें 'अ जर्नल ऑफ द प्लेग इयर' हें लंडनच्या १६६५ च्या प्लेगवरील पुस्तक एका प्रौढ साक्षीदाराच्या तोंडीं घातलेलें आहे. वस्तुतः प्लेगच्या वेळीं डिफो सुमारें पांच वर्षांचा होता, आणि लिहितांना त्यानें साठी ओलांडली होती. मृतांचे साप्ताहिक आंकडे त्यानें कसोशीनें वापरले. पण त्या वेळचें भय कोणतें आणि मागाहूनचा विचार कोणता, हें वाचकास कळत नाहीं. निरालांचें हिंदी 'कुल्ली भाट' (१९३९) या बाबतींत अधिक प्रांजळ आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझांत त्यांची पत्नी व घरचीं अनेक माणसें गेलीं. तें दुःख सुमारें वीस वर्षांनीं एका विनोदी चरित्रांत उतरलें, आणि मधला काळ त्यांत लपलेला नाहीं.

हाच ताप महाराष्ट्रांत 'मानमोडी' म्हणून ओळखला गेला. त्या वर्षीं पाऊसही फसला. मध्यप्रांतांत मनुष्यहानि फार झाली. आणि १९२१ च्या जनगणनेंत हिंदुस्थानची लोकसंख्या १९११ पेक्षां कमी भरली. तो ताप सोसलेली पिढी आतां गेली. घरोघर उरली ती ऐकीव गोष्ट.

आतां भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांतील कोंढा येथील एखादा सत्तरीचा धानउत्पादक शेतकरी डोळ्यांपुढें आणावा. मार्च २०२० च्या टाळेबंदींत तो करोनास शहराचा रोग म्हणेल, किंवा आजीकडून ऐकलेल्या मानमोडीच्या मापानें मोजील. १ मार्च २०२१ पासून साठीवरील लोकांस लस मिळूं लागली. तेव्हां त्याची शंका लसीविषयीं असेल. त्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट खेड्यापाड्यांत शिरल्यावर तोच मनुष्य निराळें बोलेल. आणि आज विचारलें, तर ज्या मयतास खांदा देतां आला नाहीं, त्याचीच गोष्ट तो आधीं सांगेल.

यावर कोणी म्हणेल, कीं असा साक्षीदार विश्वासार्ह नव्हे. आम्हांस हा आक्षेप मान्य नाहीं. त्यानें आपली साक्ष फिरविली नाहीं. रोग दुरून दारांत आला आणि दारांतून स्मृतींत गेला, तसें त्याचें बोलणें बदललें. लेखक चुकतो तो शेवटचें उत्तर पहिल्या दिवसावर लादतो तेव्हां. मग भय शहाणपणाच्या वेषांत येतें, आणि म्हातारा आरंभापासूनच सर्व जाणत होता असा खोटा भास होतो.

म्हणून करोनाच्या आठवणी जे कोणी गोळा करीत असतील, त्यांस आमची एवढीच सूचना आहे: प्रत्येक कथनाखालीं तें ऐकल्याची तारीख लिहावी, आणि त्याच माणसाकडे पुन्हां जावें. मानमोडीच्या बाबतींत ती संधि गेली. या खेपेस ती अद्याप हातची गेलेली नाहीं.