'चमॉड ७७७' हे उत्तर नाही

संशोधनाला लागलात की पहिल्याच महिन्यात 'परमिशन डिनाइड' भेटेल. पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' असो की विभागातला जुना सर्व्हर, काम लिनक्सवरच. मग कुणीतरी सीनियर म्हणेल, "चमॉड ७७७ मार, होऊन जाईल." होतंही. मीही सामायिक फोल्डरला ७७७ दिलं. आतल्या फाइल्स मात्र ४४४, म्हणजे फक्त वाचण्यापुरत्या, म्हणून निर्धास्त होते. पुढे दुसऱ्याच कुणाच्या साफसफाईच्या स्क्रिप्टने दीड महिन्याचे निकाल पुसले.

चूक माझीच. पण युनिक्सच्या रचनेचाही त्यात वाटा आहे. फाइलवर आर, डब्ल्यू, एक्स म्हणजे वाचणं, लिहिणं, चालवणं. डिरेक्टरीवर अक्षरं तीच, अर्थ वेगळे. डिरेक्टरी हा नावांचा हजेरीपट समजा. आर म्हणजे नावं वाचणं, एक्स म्हणजे आत जाणं, आणि एक्ससोबत डब्ल्यू असेल तर नावं घालणं-खोडणं. आमच्या शिरूर अनंतपाळच्या शाळेत पटावरचं नाव खोडायला त्या पोराला विचारावं लागत नव्हतं; पट ज्याच्या हातात, त्याचं चालायचं. फाइल पुसणं म्हणजे पटावरून नाव खोडणं. फाइलवरचं ४४४ तिथे विचारलंच जात नाही.

या रचनेचं कौतुकही करायला हवं. मालक, गट, इतर आणि प्रत्येकाला तीन हक्क: फक्त ९ बिट, आणि गाडी पन्नास वर्षं चालू आहे. पण फाइलला गट एकच. बाहेरच्या एकाच सहलेखकाला वाचू द्यायचं तर एसीएलकडे वळावं लागतं. खरा राग शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. ४, २, १ ची बेरीज पाठ करून घेतात, डिरेक्टरीचा अर्थ सांगत नाहीत.

तर तुम्ही काय कराल? अडलात की वाटेतली प्रत्येक डिरेक्टरी 'एलएस -एलडी'ने तपासा. वरच्या एकीलाही तुमच्यासाठी एक्स नसेल, तर खालच्या फाइलला ७७७ असूनही उपयोग शून्य. सामायिक फोल्डरला ३७७० द्या. ७७० ने मालक व गट आत, इतर बाहेर. पुढच्या ३ मधला २ नव्या फाइल्सना फोल्डरचाच गट देतो. उरलेला १ म्हणजे स्टिकी बिट: फाइल पुसणार तिचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूट. बाकी कुणी नाही.

हा एक आकडा मला आधी कुणी समजावला असता, तर ते निकाल आज माझ्याकडे असते.