काठ, बूड, वात

समोर एक वाडगा आहे. बाहेरून काळपट तपकिरी, आतून पेजेच्या रंगाचा. काठापाशी झिलई पातळ होत गेली आहे आणि तिथे तिच्यातलं लोह तांबूस होऊन वर आलं आहे. शेजारी त्याच हातांनी घडवलेला पेला आणि त्यात ओतलेली मेणबत्ती. दोन्ही वस्तू अलिबाग-रेवदंडा रस्त्यालगतच्या एका छोट्या कार्यशाळेतल्या. हाताने घडवलेली भांडी आणि मेणबत्त्या या किनाऱ्यावर आता ठिकठिकाणी विकायला दिसतात, आणि सुट्टीला आलेली मंडळी कौतुकाने घेऊन जातात. ते कौतुक बहुधा रंगापाशीच थांबतं. वस्तू घरी येते, फडताळात बसते आणि तिथेच राहते, कारण तिच्यात खावं का, ती गरम करावी का, रोज पेटवावी का, हे कुणी सांगितलेलं नसतं. खरं तर ते वस्तूवरच लिहिलेलं असतं. कारागिराचा हात ज्या खुणांतून दिसतो, त्याच खुणांवरून तिचा वापरही बराचसा कळतो.

वाचायला सुरुवात बुडापासून करावी. वाडगा उपडा केला की खाली एक उघडी, बिनझिलईची कडी दिसते. भट्टीत झिलई वितळून काच होते. ती बुडाला राहिली तर भांडं भट्टीतल्या फळीला कायमचं चिकटेल, म्हणून तेवढी जागा आधीच पुसून घेतात. सबंध भांड्यात माती उघडी दिसते ती एवढ्याच जागी. या वाडग्याचं बूड करडं आणि घट्ट आहे. बोट फिरवलं तर पूड निघत नाही. पाण्याचा थेंब ठेवला तर तसाच टपोरा राहतो. म्हणजे माती १२०० अंश सेल्सिअसच्या वर भाजली गेली, तिच्यातला काही भाग वितळला आणि कणांमधली छिद्रं बुजली. कारागीर याला स्टोनवेअर म्हणतात. हजार अंशांच्या आसपास भाजलेल्या तांबड्या मातीवर तोच थेंब बघता बघता जिरतो. त्या मातीत काही खोट नाही. माठातलं पाणी गार होतं ते तिच्या छिद्रांमुळेच. पण वरून झिलई आणि खालून सच्छिद्र बूड असं भांडं रायगडच्या पावसाळ्यात जपावं लागतं. धुताना बुडातून पाणी आत शिरतं, दमट हवेत ते लवकर सुकत नाही आणि भांड्याला कुबट वास धरतो. मिठाचा अंश आत गेला तर सुकताना त्याचे स्फटिक फुगतात आणि झिलईचे पापुद्रे उचलतात. किनाऱ्यावरच्या घरांच्या भिंतींना लोणा लागतो तोही असाच.

मग टिचकी. माठ घेताना आपण तो वाजवून घेतो. वाडगाही वाजवून घ्यावा. तळहातावर ठेवून काठाला टिचकी मारली की सलग भांडं खणखणतं. आत कुठे तडा असेल तर आवाज भद्द येतो, मग तो तडा डोळ्यांना दिसो वा न दिसो. या वाडग्याचा नाद लांबतो, आणि तो ऐकताना मला कारागिराची सुकवणी ऐकू येते. घाईने सुकवलेली माती भट्टीत चिरते. या दमट हवेत भांडं सगळीकडून सारखं सुकेपर्यंत थांबायला किती धीर लागत असेल!

मातीच्या घडणीची दुसरी तऱ्हा याच जिल्ह्यात आहे. पेणच्या कारखान्यांतले शाडूचे गणपती भट्टीत जात नाहीत, कारण त्यांना पाण्यात विरघळायचंच असतं. माती ५०० ते ६०० अंशांच्या आसपास तापली की तिच्या रचनेत बांधलेलं पाणी निघून जातं आणि ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. परतीची वाट बंद होते. म्हणूनच चौलच्या मातीत अजून खापरं सापडतात. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात सेमिला म्हणून आलेलं बंदर ते हेच, असं अभ्यासक मानतात; अरब लेखकांनी त्याला सैमूर म्हटलं. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी इथे केलेल्या शोधात पश्चिम आशियातली निळसर-हिरव्या झिलईची खापरं मिळाली आणि चिनी पोर्सिलेनचीही. परदेशची झिलईदार भांडी पारखून घ्यायची या किनाऱ्याची सवय किती जुनी आहे, ते त्यावरून दिसतं. आणि खापरांच्या ढिगातून अभ्यासक आधी वेचतो ते काठाचे आणि बुडाचे तुकडे. भांडं कसलं, केवढं, कुठलं, ते त्यांवरून ठरतं. गिऱ्हाइकानेही हाच क्रम धरावा.

तर काठ. या वाडग्याचा काठ किंचित बाहेर वळलेला आणि गोलसर आहे. ओठाला तो मऊ लागतो, आणि गोल काठाचा टवका सहजी उडत नाही. कागदासारखा पातळ, धारदार काठ दिसायला नाजूक, पण स्टीलच्या भांड्यांबरोबर मोरीत पडला की पहिला तोच जातो. टवका उडालेलं भांडं जेवणात वापरू नये: धार ओठाला लागते, आणि उघड्या पडलेल्या मातीत खरकटं मुरतं. काठावरून आत उतरलं की बोटांच्या वळ्या लागतात, चाक फिरत असताना माती वर ओढल्याच्या. वळ्या तळाकडे रुंद होत मध्यभागी थांबतात. सोलकढीचा शेवटचा घोट तिथे साठतो. मला या वाडग्यातलं सगळ्यात देखणं काही वाटत असेल तर ते हे थांबणं.

सोलकढीचं नाव आलं, तेव्हा झिलईकडे वळायला हवं. या किनाऱ्यावरच्या माणसाने सर्वांत सावधपणे वाचायची गोष्ट हीच. आपलं जेवण आंबट आहे. आमसूल, चिंच, कैरी, लिंबू. माशाच्या कालवणापासून लोणच्यापर्यंत आंबटाशिवाय पान हलत नाही. आणि झिलईतले धातू सुटून अन्नात येतात ते मुख्यतः आंबटामुळे. शिसं घातलं की झिलई कमी आचेवर वितळते आणि तिला झगमगीत चकाकी येते, म्हणून जगभर शतकानुशतकं ते वापरलं गेलं. भडक लाल, केशरी, पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकतं. अन्नात उतरलेलं शिसं चवीवरून, वासावरून कळत नाही. ते शरीरात साठत राहतं आणि लहान मुलांच्या मेंदूला सर्वाधिक घातक ठरतं. भांड्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ४ टक्के ॲसिटिक आम्ल २४ तास भांड्यात ठेवतात आणि त्यात किती शिसं, किती कॅडमियम उतरलं ते मोजतात. ४ टक्के म्हणजे जवळपास घरातल्या व्हिनेगरइतकाच आंबटपणा. आपण लोणचं मुरवतो तेव्हा ही चाचणी महिनोन्‌महिने चालू ठेवतो असंच म्हणायचं.

चढ्या आचेच्या स्टोनवेअरला शिशाची गरज नसते. तिथे फेल्डस्पार, चुना, राख यांनीच झिलई वितळते, आणि या वाडग्याचा तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा आहे. जांभ्याला तांबडा करतं तेच लोह. तरीही चढ्या आचेचं सगळंच खाण्याजोगं असतं असं नाही. तांब्याने हिरवी केलेली, हाताला कोरडी लागणारी मॅट झिलई आंबटात रंग सोडू शकते. घरच्या घरी करता येते ती परीक्षा सोपी आहे: झिलईवर लिंबाची फोड रात्रभर ठेवावी. सकाळी तिथला रंग उतरला, चकाकी गेली, तर त्या भांड्यात जेवू नये. काहीच बदल झाला नाही म्हणून मात्र शिसं नाही असा निर्वाळा मिळत नाही; तो प्रयोगशाळाच देते. म्हणून विचारावं. वाडगा घडवणाऱ्या बाईंनाच मी विचारलं, “ताई, यात सोलकढी चालेल?” त्यांनी वाडगा हातात घेतला, आतली पांढरी झिलई दाखवली, त्यात काय काय घातलंय ते सांगितलं, आणि म्हणाल्या, “कढी, आमटी बिनघोर वाढा. लोणचं भरून ठेवायला मात्र बरणीच घ्या.” आतून साधी झिलई आणि रंगांची हौस बाहेरून, ही त्यांची रीत. वाडग्याचं सौंदर्य आणि त्याची शहाणीव एकाच निर्णयातून आली आहेत, हे मला त्या उत्तराने दाखवलं. ज्याला आपली झिलई सांगता येत नाही किंवा सांगायची नाही, त्याच्याकडून फुलदाणी घ्यावी.

झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर थांबावं. भांडं निवताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की ती अशी तडकते. चीनमध्ये सोंग काळापासून या रेषांचं मुद्दाम कौतुक झालं, आणि त्या सुंदर असतातच. पण आपल्या घरात हळद आहे. महिनाभरात प्रत्येक रेष पिवळी होते, आणि जिथे हळद पोचते तिथे जंतूही पोचतात. अशा ताटलीत सुकी फळं ठेवावीत, फुलं ठेवावीत. चांगल्या स्टोनवेअरलाही आचेचे झटके सोसत नाहीत: फ्रिजमधून काढून लगेच उकळती आमटी ओतू नये, गॅसवर ठेवू नये, आणि सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नये.

आता मेणबत्ती. पेल्याचं तोंड रुंद, भिंत जाड, आतून झिलई. झिलईचं कारण दिवाळीत पणत्या लावणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. नव्या पणत्या आपण आधी पाण्यात भिजत घालतो, नाहीतर कोरी माती तेल पिते. पेल्याच्या कोऱ्या भिंती मेणही तसंच पितात. बिनझिलईच्या मातीच्या पेल्यात मेण झिरपत गेलं तर पेलाच वातीचं काम करू लागतो आणि बाहेरून पेटू शकतो.

मेणाच्या पृष्ठभागावर पांढुरकी, बर्फासारखी नक्षी उमटली आहे. तो सोया मेणाचा स्वभाव आहे, दोष नाही. वर तेलाचे थेंब तरंगत असते तर मात्र मी ती परत ठेवली असती; सुगंधी तेल मेणाला सोसवेल त्याहून जास्त झालं की ते असं बाहेर येतं, आणि ते भडकू शकतं. वात सुती, विणलेली, बरोबर मध्यभागी. विणीच्या वातीची युक्ती १८२५ साली फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी काढली: जळताना तिचं टोक वाकून ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथे जळून जातं. त्याआधी वातीची काजळी कात्रीने सारखी काढत बसावं लागे. काही वातींच्या पोटात तार असते. तारेचं टोक पांढऱ्या कागदावर घासून शिसपेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती शिशाची असल्याचा संशय घ्यावा. अमेरिकेने शिशाच्या तारेच्या वातींवर २००३ मध्ये बंदी घातली. झिलईतून अन्नात येणारं शिसं इथे धुरातून खोलीत येतं.

पहिल्यांदा पेटवल्यावर वितळलेलं मेण काठापर्यंत पोचू द्यावं, नाहीतर पुढे ज्योत मधोमध विहीर खणत खाली जाते. दर वेळी वात साधारण ६ मिलिमीटर ठेवून कापावी. चार तासांहून जास्त सलग जाळू नये. ज्योत एका बाजूला झुकली, काजळी धरू लागली, तर खारा वारा किंवा डोक्यावरचा पंखा तिला ढकलतोय हे समजावं आणि जागा बदलावी.

या सूचना किनाऱ्यावर किती निकडीच्या आहेत ते ३ जून २०२० ला कळलं. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, आणि त्यानंतर मुरुड, श्रीवर्धनकडच्या गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. मेणबत्ती तेव्हा शोभेची उरली नाही. प्लास्टिकच्या झाकणावर मेणाचे थेंब पाडून चिकटवलेली, मच्छरदाणीच्या शेजारी, झावळ्यांच्या आडोशाला तेवणारी मेणबत्ती म्हणजे अंधाराहून मोठा धोका. जड बुडाचा, सपाट पायाचा पेला आणि खाली एक ताटली एवढ्यानेच त्यातला बराच धोका टळतो. विझवताना पाणी ओतू नये, उकळतं मेण उसळतं. ताटली झाकली की ज्योत जाते. घरातल्या कुणालाही, आजीपासून नातवापर्यंत, हे माहीत असावं.

तळाशी अर्धा पेर मेण उरलं की पेटवणं थांबवायचं, कारण ज्योतीची सगळी आच मग थेट मातीच्या बुडावर येते. उरलेलं मेण गरम पाण्यात पेला धरून सैल करायचं आणि कागदाने पुसून घ्यायचं. मोरीत ओतलं तर ते पाइपात थिजून बसतं. या रिकाम्या पेल्यात चहा चालेल का, हेही मी त्या ताईंना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. आत झिलई तीच असली तरी सुगंधी तेल सूक्ष्म तड्यांत मुरलेलं असतं. “चमचे ठेवा,” त्या म्हणाल्या, “नाहीतर इकडे आलात की घेऊन या, पुन्हा मेण ओतून देते.”