लाल प्रावरण, हिरवा दगड

शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग वर्षातून एकदोनदा येतो. पृथ्वीच्या अंतरंगाची प्रतिकृती नाही असे प्रदर्शन मी अजून पाहिलेले नाही. थर्मोकोलचा गोल, त्यातून कलिंगडासारखी काढलेली फोड, बाहेर पातळसे तपकिरी भूकवच, आत लालभडक प्रावरण आणि मध्यभागी पिवळा गाभा. गेल्या खेपेस अशाच एका प्रतिकृतीमागे उभ्या असलेल्या आठवीतल्या मुलीला मी विचारले, "हे लाल म्हणजे काय?" ती म्हणाली, "वितळलेला खडक, सर. तोच ज्वालामुखीतून बाहेर येतो." "कशावरून?" यावर ती थोडी गोंधळली. मग म्हणाली, "पुस्तकात तसे चित्र आहे."

मुलीचा दोष नाही. दोष त्या चित्राचा आहे. परीक्षा घ्यायचीच तर तिची नव्हे, त्या चित्राची घ्यायला हवी.

पहिली गोष्ट अशी की हे चित्र स्वतःच्याच पुस्तकाशी विसंगत असते. त्याच धड्यात पुढे भूकंपलहरींची माहिती येते. दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, त्या बाह्य गाभ्यापाशी अडतात, म्हणून बाह्य गाभा द्रवरूप आहे, असे तिथे बरोबर सांगितलेले असते. पण याच दुय्यम लहरी गाभ्यापर्यंत पोचतात त्या २,८९० किमी जाडीच्या प्रावरणातून. प्रावरण वितळलेले असते तर त्या तिथवर गेल्याच नसत्या. मागच्या पानावरचे लाल चित्र आणि पुढच्या पानावरचे हे वाक्य एकत्र नांदू शकत नाहीत, हे वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही याचे मला नवल वाटते.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. हे सारे कळले कसे, याविषयी चित्र अवाक्षर काढत नाही. माणसाने खोदलेले सर्वांत खोल विवर रशियातील कोला द्वीपकल्पावर आहे. १९८९ साली ते १२,२६२ मीटरपर्यंत पोचले. पृथ्वीच्या त्रिज्येचा हा जेमतेम पाचशेवा भाग, म्हणजे भूकवचसुद्धा पुरते ओलांडले गेले नाही. २०२३ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी प्रावरणाच्या खडकात १,२६८ मीटर खोल भोक पाडण्यात शास्त्रज्ञांना यश आले. पण तो खडक भूहालचालींमुळे आधीच वर उचलला गेलेला आणि समुद्राच्या पाण्याने बराच बदललेला होता. खोलवरचा ताजा नमुना आपल्याला हवा तर पृथ्वीनेच तो आणून द्यावा लागतो, आणि ती तो देते.

काही ज्वालामुखींच्या काळ्या बेसाल्टमध्ये सुपारीएवढे, कधी नारळाएवढे हिरवे दगड अडकलेले सापडतात. त्यांना झेनोलिथ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ परका दगड. शिलारस वर येताना वाटेतल्या भिंतींचे तुकडे तोडून आणतो, ते हे परके. त्यांतील प्रावरणाचे तुकडे बहुधा पेरिडोटाइट या खडकाचे असतात. त्याचा हिरवा रंग ऑलिव्हिन या खनिजाचा. दागिन्यांत वापरतात तो पेरिडॉट म्हणजे हेच ऑलिव्हिन. अमेरिकेतील ॲरिझोनात सॅन कार्लोस येथे असे दगड विपुल मिळतात. आपल्याकडे कच्छमध्ये भुजच्या आसपासच्या काही ज्वालामुखी टेकड्यांत ते आहेत. सह्याद्रीत मात्र शोधू नका. दख्खनचा बहुतेक लाव्हा वर येताना भूकवचातील कोठारांत थांबत थांबत आला, आणि थांबला की जड ओझे तळाशी बसते. मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावरील काही भित्तींमध्ये परके दगड मिळाले आहेत, पण त्यांतून मुख्यतः भूकवचाच्या तळाकडची हकिकत कळते.

हे ओझ्याचे प्रकरण वर्गात गणित म्हणून घेण्यासारखे आहे. पेरिडोटाइटची घनता सुमारे ३.३, शिलारसाची त्याहून बरीच कमी. म्हणजे दगड शिलारसात सतत बुडत असणार. तरीही तो वर आला, याचा अर्थ त्याच्या बुडण्याच्या वेगापेक्षा शिलारसाचा चढण्याचा वेग जास्त होता. हा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तर ६० किमीच्या प्रवासाला १,२०,००० सेकंद, म्हणजे ३३ तास लागतील. वर्षे नव्हेत, दीड दिवसही नाही! ऑलिव्हिनच्या कणांच्या कडाही असेच सांगतात. भोवतालच्या शिलारसाशी लोह व मॅग्नेशियमची देवाणघेवाण होऊन कडेला एक पट्टा तयार होतो. तो अरुंद असेल तर दगड शिलारसात फार काळ राहिला नव्हता.

या घाईचा आपल्याला मोठा फायदा होतो. खोलवर असताना खनिजांनी तिथल्या तापमानाशी व दाबाशी जुळवून घेतलेले असते. वर येताना पुन्हा जुळवून घ्यायला त्यांना सवडच मिळत नाही. दोन प्रकारची पायरॉक्सिने शेजारी असतील तर त्यांनी कॅल्शियम आपसांत कसे वाटून घेतले यावरून तापमान कळते. गार्नेट, म्हणजे आपला तामडा, शेजारी असेल तर पायरॉक्सिनमधील ॲल्युमिनियमवरून दाब, आणि दाबावरून खोली. अमेरिकेतील जो बॉइड यांनी १९७३ साली आफ्रिकेतील लेसोथो देशाच्या किंबर्लाइटमधील दगडांवर ही युक्ती लावली. किंबर्लाइट म्हणजे हिरे वर आणणारा खडक. प्रत्येक दगडाने एकेक खोली व तिथले तापमान सांगितले. ते बिंदू जोडल्यावर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी त्या भूमीखाली तापमान कसे वाढत होते याचा आलेख तयार झाला. त्या आलेखाला खोलवर एक बाक होता. तो खरा की मोजमापाचा दोष, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. एखाद्या चांगल्या शोधनिबंधाचे असेच होते.

या दगडांत साधारण ९०० ते १,४०० अंश सेल्सिअस तापमानांची नोंद सापडते. म्हणजे तिथे डोळ्यांनी पाहता आले असते तर खडक लालच दिसला असता, हे चित्रकाराच्या बाजूने मान्य करू. पण लोहाराच्या भट्टीतली सळईसुद्धा लाल होते, ती सांडत नाही. प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० अंशांना उकळत नाही, तसेच इथे. उघड्यावर सुमारे १,१०० अंशांना वितळू लागणारा कोरडा पेरिडोटाइट १५० किमी खोलीवर, जवळजवळ ५०,००० वातावरणांच्या दाबाखाली, १,६०० अंशांपुढे तापवावा लागतो. प्रावरण घन आहे. हिमनदीचे बर्फ घन असून सरकते, तसे तेही फार सावकाश सरकते. शिलारस तयार होतो तो ठिकठिकाणी, वर सरकताना दाब उतरला किंवा पाणी मिसळले तर, आणि तोही थोडाथोडा.

थर कायमचे आखलेले आहेत, ही त्या चित्राची तिसरी चूक. उत्तर चीनमध्ये सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी वर आलेल्या किंबर्लाइटने जवळजवळ २०० किमी खोलीवरचे, गार्नेट असलेले दगड आणले. खंडाचे थंड, घट्ट मूळ तेव्हा तितके खोल होते. त्याच प्रदेशात गेल्या काही कोटी वर्षांत उफाळलेल्या बेसाल्टमधले दगड मात्र ८० किमीहून कमी जाडीचे शिलावरण दाखवतात, आणि त्यांची घडणही निराळी आहे. मधल्या काळात खंडाचे अर्ध्याहून अधिक मूळ नाहीसे झाले! दोन काळांतले दगड हाती नसते तर हे कळणे अवघड होते.

पण दगडांचा साक्षीदार म्हणून उपयोग करायचा तर त्यांची उलटतपासणीही घ्यायला हवी, आणि इथे वृत्तपत्रे चुकतात. २०१४ साली ब्राझीलमधील जुइना येथील एका हिऱ्यात रिंगवुडाइट या खनिजाचा कण सापडल्याचे ग्रॅहॅम पिअरसन व सहकाऱ्यांनी जाहीर केले. हे खनिज ४१० ते ६६० किमी खोलीच्या पट्ट्यातले. कणात वजनाने सुमारे दीड टक्का पाणी होते. लगेच 'पृथ्वीच्या पोटात महासागर' असे मथळे झळकले. कण होता मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान, आणि ते पाणी वाहणारे नव्हे, स्फटिकाच्या रचनेत हायड्रॉक्सिल म्हणून बांधलेले. एका कणावरून तो संपूर्ण पट्टा ओला ठरवणे म्हणजे शिताऐवजी एका कणीवरून अख्ख्या पंगतीच्या भाताची परीक्षा करणे. शिवाय शिलारस जिथून निघतो तिथलेच दगड आणतो, जिथे शिलारस नाही तिथला पुरावा नाही. बहुतेक परके दगड वरच्या २०० किमींतले. त्याखालचे जे हाती येते ते हिऱ्यांत कैद झालेल्या कणांपुरतेच.

त्या मुलीला मी यातले थोडेसे सांगितले आणि खिशातला कच्छचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो उजेडात फिरवून पाहिला आणि विचारले, "मग मी प्रावरणाला हिरवा रंग देऊ?"

मी म्हटले, वरचा पातळ भाग दे. ६६० किमीखालच्या सव्वादोन हजार किलोमीटरच्या भागातून मात्र अशी मूठभर वस्तू कुणाच्याच हाती आलेली नाही. तिथे भूकंपलहरींचे बाण काढ, आणि रंग राहू दे.