अपशब्दांचा उपदेश : पस्पशाह्निकातील एका निर्णयाचा पुनर्विचार

पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्यातील पहिल्या आह्निकात, म्हणजे पस्पशाह्निकात, अध्यापनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा असा एक प्रश्न उपस्थित झालेला आहे. व्याकरणाने शब्दांचा उपदेश करावा, अपशब्दांचा करावा, की दोहोंचा? भाष्यकारांचे म्हणणे असे की, एकाच्या उपदेशाने काम भागते. पंचनखी प्राण्यांपैकी अमुक पाच भक्ष्य होत, एवढे सांगितले की बाकीचे अभक्ष्य हे आपोआपच कळते. मग दोहोंपैकी कोणता पक्ष पत्करावा? शब्दोपदेशाचा, कारण त्यात लाघव आहे. ‘गौः’ या एकाच शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अनेक अपभ्रंश होतात. ते सारे सांगत बसणे म्हणजे व्यर्थ विस्तार होय.

आमच्या पाठ्यपुस्तकांची आणि उत्तरसूचींची रीत जाणता-अजाणता हीच आहे. बरोबर उत्तर छापावे, चुकलेल्यावर फुली मारावी, आणि एकाच्या ज्ञानाने दुसऱ्याचे निवारण होईल असे समजावे. ही समजूत कितपत टिकते, याची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भाष्यकारांचाच युक्तिवाद पाहू. अपशब्द असंख्य आहेत, हे खरे. परंतु शब्द तरी मोजके कोठे आहेत? लगेच पुढे भाष्यकार आख्यायिका सांगतात की, बृहस्पतीने इंद्राला सहस्र दिव्य वर्षे एकेक शब्द सांगितला, तरी शब्दांचा अंत लागला नाही. तेव्हा एकेक शब्द पढविणे हा उपायच नव्हे. सामान्य नियम आणि त्याचे अपवाद सांगावेत, म्हणजे अल्प प्रयत्नाने मोठा शब्दौघ हाती येतो, असा तेथील निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष शब्दांना लागू पडत असेल, तर तो अपशब्दांना का लागू पडू नये? चुका असंख्य असल्या तरी चुकांची कारणे असंख्य नसतात. लाघवाचा आक्षेप चुकांच्या गणनेवर येतो. चुकांच्या मीमांसेवर तो येत नाही.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘राजू धडा शिकला’ या वाक्यातील प्रयोग ओळखावयास सांगितला असता पुष्कळ विद्यार्थी ‘कर्मणी’ असे लिहितात. उत्तरसूचीत ‘कर्तरी’ असते. विद्यार्थी आपला शब्द खोडून सूचीतला शब्द लिहितो. पण त्याचे अज्ञान होते तेथेच राहते. पुढच्या खेपेस तो ‘राजूने आंबा खाल्ला’ हेही वाक्य कर्तरी ठरविण्याचा संभव आहे. वस्तुतः त्याचे उत्तर निष्कारण नव्हते. क्रियापद सकर्मक, काळ भूत, आणि ‘शिकला’ हे रूप ‘धडा’ या पुल्लिंगी एकवचनी कर्माशी जुळणारे. तो एका खऱ्या नियमाचाच अवलंब करीत होता. त्या नियमाची मर्यादा मात्र त्याला ठाऊक नव्हती.

ती मर्यादा दाखवून देणे कठीण नाही. कर्म बदलून पाहावे : ‘राजू कविता शिकला’. क्रियापद बदलले नाही. कर्ता बदलून पाहावा : ‘सीता धडा शिकली’. क्रियापद बदलले. उलटपक्षी ‘राजूने पोळी खाल्ली’ येथे क्रियापद कर्मामागे जाते, आणि कर्त्याला ‘ने’ लागतो. शिकणे, विसरणे, पिणे, बोलणे यांसारखी काही क्रियापदे सकर्मक असूनही भूतकाळी कर्तरी राहतात, हा अपवाद आता विद्यार्थ्याला नुसता पाठ होत नाही. तो कशाला अपवाद आहे, हेही कळते. शिवाय मूळ वाक्याची निवडच सदोष होती, हे शिक्षकाच्या ध्यानात येते. कर्ता आणि कर्म दोन्ही पुल्लिंगी एकवचनी असल्यामुळे क्रियापदाच्या रूपावरून निर्णय होणेच शक्य नव्हते; निर्णय करावयाचा तो ‘ने’च्या अभावावरूनच. ‘मी’ कर्ता असता तर तीही खूण उरली नसती, कारण प्रथमपुरुषी ‘ने’ दिसत नाही.

विद्यार्थ्याची चूक ही त्याच्या मनातील व्यवस्थेचा पुरावा होय, हा विचार पिट कॉर्डर यांनी १९६७ साली एका निबंधात मांडला आणि परभाषाशिक्षणाच्या अभ्यासाला त्यामुळे नवे वळण मिळाले. आपल्या परंपरेला मात्र तो सर्वस्वी नवा नाही. अपशब्दोपदेश नाकारणाऱ्या महाभाष्याची रचना तरी कशी आहे? पूर्वपक्ष त्याच्या सर्व बळानिशी मांडावयाचा, तो कोठे पटतो ते दाखवावयाचे, आणि मग तो का टिकत नाही ते सांगावयाचे. चुकीच्या शब्दांना भाष्यकारांनी दार बंद केले, पण चुकीच्या उत्तरांना त्यांनी पानोपानी आसन दिले आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथाचे मोलही बऱ्याच अंशी यातच आहे. पूर्वसूरींची मते देऊन ती का ग्राह्य वा अग्राह्य, याची चर्चा त्यांनी केली. म्हणून त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यालाही तो ग्रंथ शिकवितो.

या पद्धतीचा आणखी एक गुण आहे, आणि शिक्षकाला तो काहीसा अवघड वाटेल. ‘रामाला आंबा आवडतो’ या वाक्यात विद्यार्थी ‘राम’ हा कर्ता मानतो. सूची ‘आंबा’ मानते, कारण क्रियापद त्यामागे चालते. आता विद्यार्थ्याचे उत्तर का चूक, हे सांगू लागावे. ‘रामाला आपले घर आवडते’ यात ‘आपले’ कोणाचे? रामाचे. ‘बातमी ऐकून रामाला आनंद झाला’ यात ऐकणारा कोण? रामच. जी लक्षणे एरवी कर्त्याच्या ठायी आढळतात, त्यांतील काही येथे चतुर्थ्यंत पदापाशी आहेत. दक्षिण आशियाई भाषांतील कर्त्याच्या संकल्पनेवर मणींद्र वर्मा यांनी १९७६ साली संपादिलेला निबंधसंग्रह अशाच प्रश्नांचा ऊहापोह करतो. म्हणजे ज्या उत्तरावर आपण फुली मारीत होतो, त्यात एका खऱ्या प्रश्नाचे बीज होते. सूचीने ‘कर्ता’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला आणि त्या संदिग्धतेचा दंड विद्यार्थ्याला भरावा लागला.

फुली मारणाऱ्याला आपले उत्तर तपासावे लागत नाही; कारण सांगणाऱ्याला ते टाळता येत नाही. चुकीचे कारण सांगण्याची खरी आवश्यकता येथे आहे. विद्यार्थ्याचे उत्तर का चूक, हे ज्या शिक्षकाला सांगता येत नाही, त्याने ते चूक ठरविण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हेच उचित होय.